कुटुंबाचं जॅकेट

डोळे दाखवायला आलेले मास्तर लिफ्टच्या रांगेत उभे होते. पुढे दोन तरुणी, एक उंच, एक ठेंगणी. दोघींची जॅकेटं सारखीच. पाठीवर कंपनीचं नाव आणि खाली ‘आपण एक कुटुंब’. मास्तरांना आधी वाटलं, बहिणीच असाव्यात.

"अगं, त्याला नोकरी सोडून दोन महिने झाले," ठेंगणी म्हणाली, "आणि तू आज त्याचं अभिनंदन करतेस?"

"मी कुठे? सॉफ्टवेअरच म्हणालं, कंपनीत तीन वर्षं झाली, अभिनंदन करा. मी बटण दाबलं. सगळ्यांनीच दाबलं, साहेबांनीसुद्धा. मेंढरं नुसती!"

"आणि तू?"

"माझं सोड. कुटुंब म्हणे! जॅकेट न घालता आलं की लगेच मेल येतो. अख्खा माणूस गेला, तर कुणी चकार शब्द काढत नाही. लाज कशी वाटत नाही गं लोकांना?"

"तुझ्याच शेजारी बसायचा तो."

"माझ्या? माझ्या शेजारी तर रिकामी खुर्ची आहे."

"त्याचीच ती."

"अय्या! मला वाटलं, जॅकेट टांगायला ठेवलीय."