चिंधूच्या बोटीखाली

(घरामागचं मोकळं परसू, भिंतींपासून लांब; पावसात छत्र्या धरून सगळे उभे, रिद्धी आजी हिराच्या पदराआड.)

उन्नती : ते भूकंपाचं नंतर, बाबा. आधी मला हे सांगा, माझ्या पोरीच्या गालावर बोटं कुणाची उठलीत?

कमलाकांत : माजी. आजा हाय मी तिचा. एक मारली तर काय आभाळ कोसळलं?

उन्नती : सहा वर्षांची आहे रिद्धी! दोनदा जमीन हलली, पोर आधीच घाबरलेली, आणि वर तुम्ही तिला मारता? मी बोयसरहून कशी आले माझं मला माहीत. कंपनीनं सगळ्यांना बाहेर काढलं. तेव्हापासून फोनवर फोन करतेय, एक उचलला नाही तुम्ही.

कमलाकांत : फोन घरात र्‍हायला. तूच शिकवलंस ना, हलायचं थांबलं की सामान गोळा करत बसू नका, पोरीला घ्या नि बाहेर पडा? पडलो. फोन नाय घेतला, चप्पल नाय घेतली.

उन्नती : मग मारलं कशाला?

कमलाकांत : ऐकत नवती म्हणून. मी म्हणतो एका जागी बस, तर ही पावसात पळाली. ताप भरला असता तर माज्याच नावानं शंख केला असतास.

हिरा : आता गप र्‍हावा तुमी. सून धावतपळत आलीय. उन्नती, दम घे गो आदी.

उन्नती : दम नंतर, आई. बाबा, एका जागी म्हणजे कुठे? असा धो धो पाऊस. किनाऱ्यावर छप्पर आहे कुठे बसायला?

हिरा : सांगा की. आता का दातखीळ बसली?

कमलाकांत : आपल्या बोटीखाली बसवली.

उन्नती : कुठे?

कमलाकांत : बोटीखाली! जूनमधी वर ओढली ती उभी हाय ना टेकूंवर. खाली सुकी वाळू हाय. दर पावसाळ्यात आमी तितंच बसून जाळी शिवतो. अनुज, तुजा नवरा, लहानपणी दुपारचा तितंच झोपायचा. आज काय नवीन केलं मी?

उन्नती : आज जमीन हलत होती, बाबा! एवढी मोठी बोट, खाली चार लाकडं, आणि त्याच्या खाली माझी पोर!

कमलाकांत : घर पडेल, भिंत पडेल. बोट नाय पडत. चाळीस वर्सं त्या बोटीनं मला वादळातून घरी आणलं.

उन्नती : पाण्यात! पाण्यात ती तुम्हाला सांभाळते. वाळूत तिलाच टेकू लागतात, ती तुम्हाला काय सांभाळणार? मी काय सांगितलं होतं? मोकळं म्हणजे मान वर केली की नुसतं आभाळ दिसलं पाहिजे. भिंत नको, खांब नको, विजेच्या तारा नकोत.

कमलाकांत : बोटीचं नाव नाय घेतलंस.

उन्नती : नाही घेतलं! मला काय स्वप्न पडलं होतं? मी दातिवऱ्याची, माझा बाप पण बोटीवर जायचा. तरी मला नाही सुचलं की जन्मभर तांडेल म्हणून बोट हाकलेला माणूस पोरीला नेऊन बोटीखाली घालेल!

हिरा : तू टेबलाखाली बसायला शिकवलंस तवा ह्यांनी किती टवाळी केली. मी बापडी बसले, गुडघे गेले माजे. पण आज रिद्धीला पोटाशी धरून तितंच शिरले नि फळीवरची डेगची धाडकन टेबलावर आली. नायतर आमच्या टाळक्यात होती.

कमलाकांत : हां, तू शानी.

हिरा : शानीच. थांबलं तवा पोर धडधाकट दिली तुमच्या हातात. आता पुढचं तुमी सांगता का मी सांगू?

उन्नती : पुढचं काय?

कमलाकांत : काय नाय.

हिरा : दुसऱ्यांदा हललं ना, तवा आपल्या बोटीचा मागचा टेकू निसटला. बोट कलली. एका अंगानं वाळूत बसली.

उन्नती : आणि रिद्धी?

हिरा : रिद्धी त्याच अंगाला बसली होती. पावसात नाचायला पळाली म्हणून वाचली.

उन्नती : बाबा. माझ्याकडे बघा. टेकू निसटला तेव्हा तुम्ही कुठे होता?

कमलाकांत : तिच्या मागं गेलो होतो. एक ठेवून दिली नि हाताला धरून परत आत नेत होतो. दोन पावलं र्‍हायली होती.

उन्नती : परत आत...

कमलाकांत : ती हात सोडवत होती. मी ओढत होतो. बोल, काय बोलायचं ते बोल. दे शिव्या.

उन्नती : शिव्या देऊन काय होणार? बाकी कुणाला लागलं?

कमलाकांत : नाय. तवा आमी दोगंच होतो. बाकीची पोरं मागनं आली. त्यांना मी बाजूच्या चिंधूच्या बोटीखाली बसवलं.

उन्नती : काय केलंत?

कमलाकांत : माजा टेकू कुजका होता. चिंधूचे नवे हायत. मी सोता ठोकलेत.

उन्नती : बाबा, तुमच्या डोळ्यांदेखत एक बोट बसली आणि तुम्ही पोरं दुसरीखाली घातलीत? किती आहेत? अजून तिथेच आहेत?

कमलाकांत : सात-आठ. शेजारच्या नवसीचा तान्हा नातू पण हाय. तिसरा धक्का येईल म्हणून घरात कोण जातंय?

उन्नती : अहो, मग त्या बोटीखाली तिसरा येणार नाही का? व्हा बाजूला, मी जाते.

हिरा : तू जाऊन काय उपेग नाय. तुज्या सांगण्यानं उठतील, नि पाऊस वाढला की बाया पोरांना परत आत घालतील. तांडेलानं बसवलंय. तांडेलानंच उठवायला पायजे.

कमलाकांत : आता कुटल्या तोंडानं जाऊ? सगळा किनारा हसेल.

उन्नती : हसू दे ना! हसायला जिवंत तर राहतील! एवढा कसला तोरा, बाबा? पोरं मेल्यावर सांगणार आहात का नवसीला?

कमलाकांत : ओरडू नको. जातो. काय सांगू त्यांना?

उन्नती : जे झालं ते. वाळूवर उघड्यावर उभे राहा म्हणावं, सगळ्या बोटींपासून लांब.

(कमलाकांत छत्री तिथंच टाकून निघतात. किनाऱ्यावरून त्यांचा आवाज येतो.)

कमलाकांत : चिंधू! ए चिंधू! पोरं बाहेर काढ! सगळी! ... भिजू देत रे, भिजून कोण मरत नाय! नवसी, तान्ह्याला घे नि इकडं ये, माज्याकडं. ... नाय रे चिंधू, टेकूचं काय नाय. माजंच चुकलं. उचल त्या बारक्याला.