गोठ्यातली रेंज

माझ्या लेकीला, सुजाताला बघायचा कार्यक्रम कुठं झाला, सांगितलं तर हसाल गं.

निर्णा गावातल्या आमच्या घरात मोबाइलला रेंज येत नाही. सुजाता बिदरला इंजिनिअरिंग शिकते. तिनं एक पातळ पत्रा केला, त्यावर तांब्याची बारीक नक्षी. टॉवरच्या लहरी त्यावर पडल्या की नक्षीमुळं ठरवलेल्या बाजूला वळतात म्हणे. तो अंगणातल्या खांबावर लावला आणि स्वयंपाकघरात रेंज आली! मग आम्ही लातूरच्या मुलाकडच्यांना व्हिडिओ कॉलवरच पोरगी बघा म्हटलं.

ऐन वेळेला रेंज गायब. सुजाता बाहेर धावली. "आज्जी, पत्रा कुणी फिरवला?"

"म्या," सासूबाई म्हणाल्या. "दक्षिणेकडं तोंड होतं त्याचं. लग्नाचं काम हाय, पूर्वेकडं केलं."

पूर्वेला शेजारच्या शरणव्वाचा गोठा; रेंज आता तिथं. पत्र्याचा कोन परत साधायला तास गेला असता, म्हणून आम्ही गोठ्यातच शिरलो. सुजाता रेशमी साडीत म्हशीजवळ उभी, मी म्हशीची शेपटी धरून.

मुलाची आई फोनमध्ये डोळे घालून बघायला लागली. "म्हशी हायत व्हय! आमच्यात बी हायत. धार काढता येती का गं?"

ह्या पोरीनं जन्मात म्हशीला हात लावलेला नाही.

"न्हाई," सुजाता म्हणाली. "पण तुमच्या गोठ्यात रेंज आणून देते."

तिकडं मुलाच्या वडलांनी बायकोच्या हातातून फोनच ओढून घेतला. "कवा येतीस, बाळ?"