चौदाव्या मजल्यावरची राखाडी बाटली

...आणि वर मलाच विचारतात, रातोमिर, एवढी जपलेली बाटली तू प्यायलास कशी? अहो, मी प्यायलो नाही, माझ्याकडून प्यायली गेली, या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे, पण ऐकतंय कोण? निदान तुम्ही तरी ऐका. तुम्हाला सांगतो, चष्मा स्वयंपाकघरात राहिला नसता तर ही वेळच आली नसती, आणि ही वेळ आली नसती तर... जाऊ दे, ते शेवटी.

आधीच सांगून टाकतो, बाटली कॉम्प्युटरच्या खेळातली. नाहीतर आमच्या क्रागुयेवात्स गावात काय वाटेल ते पसरतं. खेळ असा की एक तळघर, त्याच्याखाली दुसरं, त्याच्याखाली तिसरं, असे वीस मजले खाली खाली जायचं, वाटेत उंदीर, सापळे, चालते सांगाडे... मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, मला मजल्यांची भीती नाही. पण आमच्या लिफ्टमध्ये बटण दाबलं की माणूस वर तरी यायचा.

हे खूळ माझ्या मुलाचं, ओग्न्येनचं. तो ऑस्ट्रियात असतो, लिंत्सला, कारखान्यात. जाताना मला म्हणाला, "बाबा, फोनवर तू नुसता हं हं करतोस. त्यापेक्षा हे खेळू. हाताला काम असलं की तुझं तोंड उघडतं." झालं, दर रविवारी चार वाजता मी कानावर ते झाकण चढवून बसतो, बोलायचं असलं की एक बटण दाबून धरायचं, तिकडून ओग्न्येन, आणि त्याच्या कारखान्यातला मिलोये, तोही आमच्याच गावचा, जीभ एक क्षण स्वस्थ नाही. सहा वर्षं झाली.

आता त्या तळघरांत बाटल्या सापडतात. जखम भरायची लाल, ताकदीची हिरवी, आगीतून वाचवणारी निळी. लोक पितात. मी नाही पीत. माझ्या थैलीत एक्केचाळीस बाटल्या आहेत. ओग्न्येन तिकडून कळवळतो, "बाबा, तू मरायला टेकलायस, लाल बाटली पी." मी म्हणतो, राहू दे, वेळेला लागेल. दोनदा मेलो, एक्केचाळीस बाटल्यांसकट. त्यात माझं काय चुकलं? घरीही मी असाच. देसांकाने, म्हणजे माझ्या बायकोने, शेवटी शिवलेले तीन शर्ट अजून घडी न मोडता ठेवलेत. खाली तळघरात, आमच्या खऱ्या तळघरात, तुतीच्या लाकडाचं छोटं पिंप आहे, ओग्न्येन जन्मला त्या आठवड्यात माझ्या बापाने आलुबुखारच्या राकियाने, म्हणजे आमच्याकडच्या दारूने, भरलेलं. मुलगा सैन्यात जाताना फोडायचं असतं, नाहीतर त्याच्या लग्नात. सैन्याची सक्ती उठली, लग्नाचं तो नाव काढत नाही. म्हटलं, राहू दे, वेळेला लागेल.

तर राखाडी बाटली. अदृश्य होण्याची. अख्ख्या खेळात एक, आणि ती मला सापडली, सहाव्या मजल्यावर, मेलेल्या सुताराच्या पेटीत. ती प्यायली की अर्धा तास तुम्ही कुणाला दिसत नाही, राक्षसाला नाही, सोबत्यालाही नाही, खेळणाऱ्यांच्या यादीतून नावसुद्धा पुसलं जातं. मात्र कुणावर हात उचलला किंवा हातातलं काही खाली ठेवलं की संपलं, पुन्हा दिसायला लागलात. चौदाव्या मजल्यावर दारात एक राखणदार बसलाय, त्याला मारून काही उपयोग नाही, तो परत उठतो. न दिसता त्याच्यामागची किल्ली काढायची, एवढाच मार्ग. दीड वर्ष आम्ही त्या दाराशी अडलोय. ओग्न्येन म्हणतो, "बाबा, वेळ वेळ म्हणतोस ती हीच." मी म्हणतो, आणि पंधराव्यावर याहून वाईट वेळ आली तर?

आता जरा दुसरंच सांगतो, पण ते यातलंच आहे. आमच्यात स्लावा असते, कुळाच्या संताचा दिवस. आमचा संत निकोला, डिसेंबरात. उपासाचे दिवस, म्हणून मासा. घरचा कर्ता आणि त्याचा मुलगा दोघांनी मिळून पाव हातात धरून फिरवायचा आणि मोडायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्लावाला बोलावणं नसतं. जो एकदा येऊन गेला त्याने दर वर्षी आपण होऊन यायचं. बोलावलं तर तो रुसतो, म्हणतो मी काय परका?

देसांका गेली त्या वर्षीच्या स्लावाला ओग्न्येन म्हणाला, "बाबा, इथे एकटा काय करणार, घर विक, लिंत्सला चल." पाहुण्यांसमोर म्हणाला हो. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मी बोलावल्याशिवाय या टेबलाशी यायचं नाही. म्हटलं तर म्हटलं, रागात माणूस काय काय बोलतो. मला वाटलं, पुढच्या वर्षी येईल. नाही आला. त्याच्या पुढच्या वर्षी नाही आला. तीन वर्षं मी पाव एकट्याने मोडला, तो नीट मोडतच नाही, चुरा होतो. पण मी बोलावू कसा? स्लावाला बोलावणं नसतं. आणि रविवारी चार वाजता तो हजर, मी हजर, "डावीकडे उंदीर", "पाणी पी", "दार लाव". बाकी एक शब्द नाही.

तर निकोलाच्या आधीचा रविवार. साडेतीनला मी थैली आवरायला बसलो, माझी सवय आहे. राखाडी बाटली जरा बाजूला ठेवावी म्हटलं. बाजूला ठेवायचं बटण आणि प्यायचं बटण शेजारीशेजारी, हे कुठल्या गाढवाने केलंय मला माहीत नाही, आणि चष्मा स्वयंपाकघरात. घटाघट आवाज आला. पडद्यावरचे माझे हातपाय नाहीसे झाले, भिंतीवरची मशाल तेवढी, तिच्याखाली कुणी नाही. आठ मजले सांभाळलेली बाटली, तुम्हाला सांगतो, एका बोटाने गेली.

आणि तेवढ्यात हे दोघे आले, त्या दिवशी नेमके लवकर आले. मी बोलायच्या बटणावर बोट ठेवलं आणि उचललं. काय सांगू? पिऊन टाकली म्हणून? त्या ओग्न्येनला, ज्याला दीड वर्ष झुलवलं? म्हटलं, गप्प बसू, काहीतरी सुचेल.

मिलोये म्हणतो, "म्हातारा नाही आला वाटतं?"

"चारला येईल. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही."

"तोवर हा उंदीर मारू का?"

"हात लावू नको. उंदीर बाबासाठी ठेवतो मी. हल्ली त्याचा हात थरथरतो, मोठं काही जमत नाही. उंदीर मारला की खूश असतो."

इकडे मी. सहा वर्षं मला वाटत होतं की मी पुढे आहे आणि पोरं माझ्यामागे लपतात.

मिलोये गप्प बसणाऱ्यांतला नाही. "गुरुवारी निकोला. जाणार आहेस का यंदा?"

माझा मुलगा म्हणाला, "सुट्टी काढून ठेवलीय. दर वर्षी काढतो, आणि दर वर्षी आदल्या दिवशी रद्द करतो. प्रत्येक रविवारी वाटतं, आज म्हणेल. ये म्हणेल. तो म्हणतो, डावीकडे उंदीर."

"मग तूच विचार ना, लेका."

"मी नाही विचारणार. बोलावल्याशिवाय यायचं नाही असं आईची खुर्ची रिकामी असताना म्हणाला तो मला. मला ते विसरता येत नाही, मिलोये."

तुम्हाला सांगतो, अर्धा तास कुणाला दिसायचं नाही म्हणजे काय गंमत असेल असं वाटायचं मला. काही गंमत नाही. मी तिथे त्याच्यापासून दोन पावलांवर उभा होतो आणि तो माझ्यातून आरपार बघत होता, आणि मला रडू आलं. सदुसष्टाव्या वर्षी, एका खेळापुढे.

थैली उघडली. तलवार, दोर, एक्केचाळीस बाटल्या... आणि तळाशी एक पाव. खेळात भूक लागते, म्हणून सगळे पाव बाळगतात. चष्मा नव्हता, नाक पडद्याला लावून बटण शोधलं, आणि पाव ओग्न्येनच्या पायाशी ठेवला. ठेवल्याबरोबर मी दिसायला लागलो.

"बाबा?" तो म्हणाला. "कधीपासून आहेस इथे?"

मी बटण दाबलं. म्हटलं, "गुरुवारसाठी मासा सांगितलाय. जरा जास्तच सांगितला गेलाय."

ओग्न्येन म्हणाला, "किती जास्त?"

"एका माणसाचा." मग म्हटलं, "पाव एकट्याने मोडत नाही रे. चुरा होतो."

मिलोये मधेच, "काका, मग मीही येऊ ना?"

"तुला कोण बोलावतंय?" मी म्हटलं. "स्लावाला बोलावणं नसतं."

गुरुवारी आले दोघे. ओग्न्येनने दारातच बूट काढले आणि आधी आईच्या खुर्चीवर हात ठेवला, मग माझ्या गालाला तीनदा गाल लावला. पाव आम्ही दोघांनी धरला, फिरवला, मोडला. सरळ दोन तुकडे, चुरा पडला नाही. मग तो म्हणाला, "बाबा, ते पिंप काढ." मी सवयीने म्हटलं, राहू दे, वेळेला... आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा उठलो आणि तळघरात गेलो.

पिंप उचललं तर हलकं लागलं. वर आणून नळी लावली, ओतलं, जेमतेम निम्मं. चौतीस वर्षं मी कुणाला हात लावू दिला नव्हता. मी मिलोयेकडे बघितलं, तो म्हणतो, "काका, मी तर आजच आलोय." मी म्हटलं, मग कुणी प्यायली?

ओग्न्येन म्हणाला, "कुणी नाही, बाबा. लाकडातून उडून गेली. तू ठेवलीस."

मग काय करता? उरलेली बसून प्यायलो. चौदाव्या मजल्याचं दार अजून बंदच आहे.