चार बोटं कापड

हलू नका म्हटलं ना — टाचणी लागली तर मावशी मलाच ओरडेल, तुम्हाला नाही. सरळ उभ्या राहा, समोर आरशात बघा, खाली माझ्याकडे नको. खाली वाकलात की मागची कड वर जाते आणि माप चुकतं. हां, अशा. काय विचारत होतात? आणखी कुठे कुठे खरेदी करावी या शहरात? — हे मला विचारताय? स्टुलापाशी गुडघे टेकून बसलेल्या मुलीला? धन्य आहे तुमची. बघू तो कागद. मासिकातून फाडून आणलाय वाटतं. ‘गॅलरीपासून बुटीकपर्यंत, एका दिवसात’. वा. आणि आमचं दुकान पाचवं. ‘जिथे प्रत्येक कपडा एकमेव असतो.’ हे मावशीचंच वाक्य आहे, मला पाठ आहे. लिहिणारी आली होती इथे, मावशीने तिला एक जाकीट भेट दिलं, ती जाकीट घालूनच बाहेर पडली. आता बोला. डावा खांदा उचलल्यासारखा वाटतोय? — वाटू दे, नंतर बघते. आधी खालचं.

बाहेर फोनवर खिदळतेय ना, ती मावशी. माझी सख्खी मावशी, आईची थोरली बहीण, दुकानाची मालकीण. जाताजाता माझ्या हातात कात्री देऊन गेली ते पाहिलंत? ते काही उगाच नाही. तिची इथली पद्धत आहे — गिऱ्हाईक एकदा स्टुलावर चढलं की त्याला बोलण्यात गुंतवायचं आणि लांबी कमी करायची म्हणून खालची कड सरळ कापून टाकायची. दुमडून शिवायची नाही, कापायची. का? कारण कापलेला माल परत घेत नाहीत, तशी पाटीच आहे दारामागे, दार उघडं असलं की दिसत नाही. तुम्ही अजून पैसे दिले नाहीत, घेते असंही नीट म्हणाला नाहीत, ‘बघते घालून’ म्हणालात — मावशीला तेवढं पुरतं. तेव्हा आता काय ते ठरवा. मी एकदा कात्री चालवली की हा ड्रेस तुमचा, आवडो न आवडो. मी हे सांगतेय ते तिला कळलं तर माझं काही खरं नाही. पण सांगतेय. काय करेल? काढून टाकेल? बहिणीची मुलगी आहे, फुकटात राबते, कुठून आणेल दुसरी?

मॅडम म्हणायला सांगितलंय मला. काकू म्हटलं की मावशी डोळे वटारते — ‘गिऱ्हाइकाचं वय काढू नये’. पण तुम्ही काकूच दिसता, चिडू नका. लेकीच्या पदवीदानाला आलात म्हणालात ना? म्हणून नवा ड्रेस. छान. तिला सांगितलंत का, की तुम्ही असं सजून येणार आहात? विचारलंत का तिला, काय घालू म्हणून? — नाही ना. नाहीच विचारत. आईलोकांचं हेच असतं, सगळं मनात ठरवून टाकायचं आणि मग लेकीने तोंड वाकडं केलं की रडायचं. असो. माझं काय जातंय. थोडं उजवीकडे वळा. नुसते पाय, कंबर नाही.

तर तुमचा कागद. पहिलं नाव, ते काचेच्या छपराचं सात मजली दुकान — जा, खुशाल जा, सरकत्या जिन्यावरून वरखाली करा, अत्तर फुकट उडवतात मनगटावर. तिथे महिनाभर काम केलंय मी. पुतळ्यांना कपडे घालायचं. पुतळ्याच्या अंगात कपडा नीट बसावा म्हणून मागून चिमटे लावतात, पाठीला ओळीने चिमटे, आणि पुढून बघणाऱ्या बाया म्हणतात, ‘अगंबाई, काय बसलाय!’ आणि घरी नेऊन स्वतःलाच दोष देतात, मीच जाडी, मीच बुटकी. मी एका बाईला पुतळा फिरवून दाखवला. झालं, दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाले. दुसरं नाव, बेल वाजवल्याशिवाय दार न उघडणारं बुटीक — तिथे आधी तुमच्या चपला बघतात. खोटं नाही सांगत, दाराच्या काचेला खालच्या बाजूला पारदर्शक पट्टी ठेवलीये त्यासाठीच. तुमच्या चपला… नको, जाऊच नका तिथे. पाय दुखतील दारात उभं राहून.

आणि तिसरं, कोपऱ्यावरची गॅलरी. ‘अवश्य भेट द्या’, वर दोन चांदण्या. काकू, तिथे गेलात तर माझी एक विनंती आहे, आतल्या दालनात डाव्या भिंतीवर थुंकून या. — हसू नका, टाचण्या सुटतात. मी गमतीने बोलत नाहीये.

वर खडखड ऐकू येतेय ना? ती आई. माझी आई. या दुकानात जे जे ‘एकमेव’ टांगलंय ते सगळं वरच्या खोलीत तिने शिवलेलं. मावशी म्हणते, ‘डिझाइन माझं’. मावशीचं डिझाइन म्हणजे काय, तर मासिकातलं चित्र दाखवायचं आणि म्हणायचं, असं काहीतरी, पण वेगळं. मग आई खाकी कागद अंथरते, त्यावर बेतते, कागद कापते, कागदावरून कापड कापते. ते कागद ती टाकत नाही. गुंडाळ्या करून कपाटावर ठेवते, वर्षानुवर्षांचे. बाह्यांचे, गळ्यांचे, कुणाकुणाच्या पाठींचे. मी कपड्यांच्या डिझाइनच्या कॉलेजात होते — हो, मी, चेहऱ्यावरून वाटत नसेल — तर आमच्या सरांनी सांगितलं, घरचं काही जुनं काम असेल तर घेऊन या, अभ्यासाला. मी नेल्या दोन गुंडाळ्या. सर म्हणाले राहू दे माझ्याकडे. राहू दिल्या. आणि मग गॅलरीत सरांचं प्रदर्शन लागलं. गेले बघायला, तर डाव्या भिंतीवर आईचे कागद. चौकटीत घालून, काचेआड. तिची खडूची रेघ, तिच्या टाचण्यांची भोकं, एका बाहीवर तिने चहाचा कप ठेवला होता त्याचा गोल डागसुद्धा तसाच. आणि खाली पाटीवर सरांचं नाव. ‘अनुपस्थित शरीरे’. अनुपस्थित म्हणे! दोन गल्ल्या सोडून बसलंय ते शरीर, मशीन चालवत, पाठ मोडून!

मी तिथेच बोलले. सगळ्यांसमोर. सर काय म्हणाले असतील? ‘शिवणं ही कारागिरी आहे बाळा, कागदाकडे बघणं ही कला.’ बाळा! मी हॉलमध्ये तमाशा केला, दोन माणसांनी मला धरून बाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. शेवटचं वर्ष होतं. पदवी हातातोंडाशी आली होती, सगळे हेच म्हणतात, हातातोंडाशी. पण खरा संताप त्याचा नाहीच मला. सर चोर आहेत, चोरांनी चोरी केली, ठीक आहे. मी आईला घेऊन गेले गॅलरीत. म्हटलं आता ती बघेल आणि पेटून उठेल, काच फोडेल, निदान विचारेल तरी. काय केलं असेल तिने? मावशी बरोबर होती, दोघी बहिणी नटून आल्या होत्या, एखाद्या लग्नाला निघाल्यासारख्या. आई चौकटीसमोर उभी राहिली, पदराने — म्हणजे ओढणीच्या टोकाने — काचेवरचा ठसा पुसला आणि म्हणाली, ‘किती छान लावलेत गं. मी तर कपाटावर टाकून दिले होते.’ आणि सरांना म्हणाली, थँक्यू. थँक्यू! चोराला थँक्यू! मावशीने तर त्यांच्याबरोबर फोटो काढला, तो गल्ल्याच्या वर लावलाय, आत येताना दिसला असेल. आणि घरी आल्यावर माझ्यावरच तोंडसुख. सरांची माफी माग. परत जा. लोक काय म्हणतील. अहो, ज्या बाईला स्वतःच्या हाताची किंमत नाही तिने मला शिकवावं लोक काय म्हणतील ते? मी तिला तोंडावर म्हटलं, तू जन्मभर दुसऱ्यांच्या अंगाला कपडे बेतलेस, स्वतःला कणा बेतायचा राहिला. — हो, म्हटलं. लागलं असेल. लागायलाच हवं होतं.

मागे वळा आता. पूर्ण. हां, बास.

तेव्हापासून आम्ही कामापुरतं बोलतो. ‘दोरा संपला.’ ‘आणते.’ एवढंच. त्याआधी ती माझ्यासाठी पदवीदानाला घालायला काहीतरी शिवत होती. दार लावून, गुपचूप, मला दाखवायचंच नाही म्हणे, त्या दिवशीच घालायचं. मला न विचारता! मला काय घालायचंय, घालायचंय की नाही, कशाचा पत्ता नाही, आपलं शिवत सुटायचं. कॉलेज सोडलं त्या आठवड्यात विचारलं मी, त्या ड्रेसचं काय झालं? मशीनवरून मान वर न करता म्हणाली, ‘उसवून टाकला. अस्तराला वापरला.’ म्हटलं बरं केलंस. अस्तरच व्हायचं असतं आपल्याकडे सगळ्याचं, आत दडून बसायचं आणि वरच्याची शोभा सांभाळायची. नाही, मला काही वाटलं नाही. काय वाटायचंय? न पाहिलेल्या कपड्याचं कोण रडतं?

तर चौथं नाव सांगते तुम्हाला — त्याच्यापेक्षा असं करा, स्टेशनच्या मागे बाजार आहे, कागदावर नाही तो, तिथे ताडपत्रीखाली बसणारी एक म्हातारी आहे, ती तुम्हाला… थांबा. थांबा हं जरा. ही कड जड का लागतेय हाताला? एवढी जड नसते. आमचा माल विकायला असतो, खाली बोटभर दुमड असते, त्यापेक्षा जास्त कापड मावशी सोडूच देत नाही, आई हट्टाने सोडते फक्त — फक्त —

हलू नका.

चार बोटं. चार बोटं कापड आत दुमडलंय. हाताने तुरपलंय, मशीनने नाही. अशी दुमड ती लहानपणी माझ्या शाळेच्या गणवेशांना घालायची. ‘वाढतं अंग आहे.’ दरवर्षी एक टीप उसवायची आणि मी मोठी. अहो, विशीतली घोडी झाले मी, आता कुठे वाढतेय? अजून चार बोटं सोडून ठेवलीत बाईने.

तुम्हाला इतका लांब का होतोय ते कळलं. मी तुमच्यापेक्षा उंच आहे. आणि तो खांदा — डावा खांदा म्हणालात ना? वाका जरा. वाका हो, टाचण्या गेल्या खड्ड्यात. आत बोट घालू द्या. आहे. गादी आहे, एकाच बाजूला, पातळ. माझा डावा खांदा पडका आहे. कुणाला माहीत नाही, कुणाला दिसतही नाही, कारण ती प्रत्येक कपड्याला तिथे गुपचूप गादी घालते, शाळेपासून. मलाही उशिरा कळलं, दुकानातून आयता शर्ट घेतला तेव्हा.

खोटारडी. उसवला म्हणे. अस्तराला म्हणे. वरच्या कपाटात ठेवला असणार झाकून, आणि मावशीला रॅकवर एक रिकामा हँगर दिसला असेल, रिकामा हँगर तिच्या डोळ्यात खुपतो, उचलून आणला असेल आणि चिठ्ठी अडकवली असेल. ‘एकमेव’. आयुष्यात पहिल्यांदा खरं निघालं त्या चिठ्ठीवरचं. आणि आईने बघितलं असेल तो नेताना, बघितलाच असेल, आणि काही बोलली नसेल. गप्प. गॅलरीत थँक्यू, इथे तेही नाही. आणि कात्री कुणाच्या हातात? माझ्या. मी आता ही चार बोटं कापायची आणि तुम्ही तो घालून तुमच्या लेकीच्या पदवीदानाला टाळ्या वाजवायच्या. किती छान. वर बसून शिवत राहा तू, शिव —

मशीन बंद आहे.

कधी बंद पडलं हो? गॅलरीचं सांगत होते तेव्हा चालू होतं ना? कण्याचं बोलले तेव्हा? — तुम्ही तर ऐकत उभ्या होतात, तुम्हाला कळलं असेल. सांगा ना. असं बघू नका माझ्याकडे. कधी बंद झालं?

…आलेच गं मावशी! नाही, कापलं नाही अजून! नाही म्हटलं ना!

उतरा, काकू. हळू, मी धरते, मागे टाचण्या आहेत. पडद्याआड जा आणि काढून द्या. पडद्यावरून द्या, जमिनीवर टाकू नका. मावशीने विचारलं तर सांगा रंग आवडला नाही. काहीही सांगा. तुमच्या लेकीला तुम्ही आहात त्याच कपड्यात आवडाल, नाहीतर नाही आवडणार, ड्रेसने काही होत नसतं. मी? मी घालणार नाहीये. कुणी म्हटलं मी घालणार आहे म्हणून? विकायचा नाही, एवढंच.

आणि बाहेर जाताना जिन्याकडे बघू नका. तिथे कुणी बसलं असलं, तरी बघू नका. तिला नाही आवडत, रडताना कुणी बघितलेलं.

द्या तो इकडे. जा आता.