रांग चौतीस, जागा एक आणि दोन

...आणि वर त्याला म्हणायचं देणगी. तुम्हाला सांगते, आमच्या टिलफर्डच्या चर्चमध्ये दानाचं ताट फिरतं तेव्हासुद्धा कुणी तुमच्याकडे रोखून बघत नाही, टाकलेत तर टाकलेत, नाहीतर जरा खोकल्यासारखं करून ताट पुढे सरकवता येतं, पण कॉलेजच्या तिकीट ऑफिसचं पत्र कसं येतं माहितीये? "आपण प्रत्येक जागेमागे बाराशे डॉलर स्वखुशीने द्यावेत, पंधरा एप्रिलच्या आत, अन्यथा जागा रद्द समजावी." स्वखुशीने आणि अन्यथा, एकाच वाक्यात. बरं, हे बाराशे म्हणजे तिकीट नव्हे, ही नुसती तिकीट घेण्याची परवानगी, सबंध सीझनच्या तिकिटाचे वेगळे, गाडी लावायचे वेगळे, आणि ती गाडी लावायची जागा कुठे, तर तिथून स्टेडियम दिसतं पण पोचता येत नाही. बरं, मी काय केलं? भरले. कारण आमच्या घरात नियम एकच, जागा सोडायची नाही.

नियम माझ्या बाबांचा. ऑरिन स्टबी. त्रेसष्ट सालापासून रांग चौतीस, जागा एक आणि दोन, एक बाबांची, दोन आईची. आणि तेव्हा काय भाव होता विचारा. भावच नव्हता. आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम म्हणजे साळिंदरं, हो, साळिंदरंच, नाव कुणी ठेवलं ते विचारू नका, त्या माणसाच्या घरचे लोक अजून गावात राहतात... तर ही साळिंदरं इतकी हरायची की किराणा दुकानात बटाट्याच्या पोत्यावर एक तिकीट फुकट मिळायचं आणि लोक म्हणायचे, तिकीट ठेवा, दोन बटाटे जास्त टाका. अठ्ठ्याहत्तर साली सगळ्याच्या सगळ्या मॅच हरलो. बर्फ पडत होता, आमच्या सबंध बाजूला मोजून नऊ माणसं, त्यातले आम्ही तिघं, आणि बाबा डबा उघडून मला चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा गरम रस्सा, आणि दालचिनीचा रोल देत म्हणतात, "पुढच्या वर्षी बघ." चाळीस वर्षं तो माणूस पुढच्या वर्षी बघ म्हणत राहिला हो.

आणि ते पुढचं वर्ष आलं कधी? बाबा गेल्यावर. नवा कोच आला, जिंकायला लागलो, आणि ज्यांना साळिंदर कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं ते डी मॉइनहून दोन-दोन तास गाडी हाणत यायला लागले, अंगात कोऱ्या करकरीत जर्सी, हातात सत्तर डॉलरचं ब्लँकेट. तिकिटाच्या प्रतीक्षा यादीत अकरा हजार नावं. अकरा हजार. आमच्या गावात तेवढी माणसं नाहीत.

आता बाबा गेले ते नऊ वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, मंगळवारी. समजूतदार माणूस, त्या शनिवारी मॅच बाहेरगावी होती म्हणून पुरता तरी आलं. आमच्याकडे घरच्या मॅचच्या शनिवारी लग्न लागत नाही आणि कुणाला पुरतही नाहीत, पाद्रीच सापडत नाही, तो रांग एकोणीसमध्ये बसलेला असतो. तर हॉस्पिटलात बाबांनी माझा हात धरला, मला वाटलं आता आईचं काहीतरी बोलतील, डोळे भरून आले माझे, आणि म्हणतात, "व्हर्लीन... जागा सोडायची नाही."

हो म्हटलं. म्हणायला काय जातं? पण ऑफिसचा नियम काय, तर माणूस गेला की जागा फक्त नवऱ्याच्या नाहीतर बायकोच्या नावावर होते. आणि आई तर बाबांच्या आधी दोन वर्षं गेलेली. मुलांनी काय करायचं? यादीच्या शेवटी उभं राहायचं. म्हणून आम्ही... खोटं नाही हं बोललो. फक्त कळवलं नाही. पेपरात मृत्यूची बातमी दिली नाही, कारण सगळं गाव सांगतं की तिकीट ऑफिसातला वेंडेल क्रूगर सकाळी कॉफी घेऊन पहिल्यांदा तेच पान उघडतो. आणि थडग्याचा दगड. आई गेली तेव्हाच जोडीचा दगड केलेला, बाबांचं नाव, जन्मसाल अठ्ठावीस, पुढे एक आडवी रेघ आणि मोकळी जागा. ते पुढचं साल कोरलंच नाही. दगडवाला हार्लन दरवर्षी विचारायचा, "काय व्हर्लीन, कोरू का?" मी म्हणायची, पंधरा एप्रिल होऊ दे. नऊ एप्रिल गेले. माझ्या जन्मदात्याला मी नऊ वर्षं धड मरू दिलं नाही, आणि ते मला खायचं, खरं सांगते, दर रविवारी फुलं ठेवताना त्या मोकळ्या जागेकडे बघवायचं नाही मला. पण जागा सोडायची नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं, आणि ऑगस्टमध्ये फोन. माझे हात पिठात. फोन घेतला आमच्या मर्लनं. मर्ल म्हणजे माझा नवरा, स्वभावानं चांगला आहे, त्याचाच तर त्रास आहे. पलीकडे ऑफिसातली कोणी केन्झी, आवाज असा की फोनमधून पाक गळावा, "मिस्टर स्टबी बोलतायत का?" ठरलेलं काय होतं, तर झोपलेत म्हणायचं. नऊ वर्षं बाबा झोपलेलेच होते. हा गडबडला आणि म्हाताऱ्याचा आवाज काढून म्हणाला, "हं... बोलतोय." ती म्हणते, "तुम्ही आमचे सगळ्यात जुने सीझन तिकीटवाले, सलग बासष्ट वर्षं, होमकमिंगच्या मॅचला, सगळे जुने विद्यार्थी येतात तेव्हा, हाफटाइममध्ये मैदानावर तुमचा सत्कार करायचाय, याल ना?" आणि हा म्हणाला, "हो."

"हो का म्हणालास?"

"अगं, ती इतकं प्रेमानं विचारत होती."

"अरे, ते मेलेत मर्ल!"

"मग तिला तसं कसं सांगणार?"

मी परत फोन करून सांगितलं की बाबांना बरं नाही. तर केन्झी म्हणाली, "काही हरकत नाही हं, मग आम्ही कॅमेरा घेऊन घरी येतो." घरी कुठे येतेस बाई, कब्रस्तानात?

म्हणजे आता सत्त्याण्णव वर्षांचा माणूस आणायचा कुठून? आमच्या रांगेत तीन नंबरला एल्डन टीमन बसतो, बाबांचा पत्त्यातला भिडू, वय अठ्ठ्याऐंशी, पण चेहऱ्यावरून सहज शंभराचा. मी ॲपल पाय भाजून घेऊन गेले त्याच्याकडे. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, कानातलं मशीन काढून पुसलं, परत घातलं, म्हणाला, "ऑरिनसाठी काहीही करीन, पोरी. पण मला तुझी एक नंबरची जागा पाहिजे."

"का?"

"कडेची आहे. संडास जवळ पडतो."

"एल्डनकाका, ती बाबांची जागा आहे."

"म्हणूनच. ऑरिन व्हायचं तर ऑरिनच्या जागेवर नको का बसायला? कायमचं बसायला म्हणतोय मी."

बघा, म्हणजे भाव फक्त कॉलेजच वाढवतं असं नाही. गरज दिसली की अठ्ठ्याऐंशीचा म्हाताराही वाढवतो. दिली. काय करता? एक देऊन दोन्ही वाचवल्या असं मनाला समजावलं, आणि मी सरकले तीन नंबरला, जिथे समोर खांब आहे.

होमकमिंगचा दिवस. एल्डनला बाबांचा कोट चढवला, बाबांची टोपी घातली, चाकाच्या खुर्चीत बसवला आणि दहा वेळा पढवलं, कुणी काही विचारलं तर हसायचं, हात हलवायचा, बोलायचं नाही. हाफटाइम झाला, केन्झीनं खुर्ची ढकलत मैदानाच्या मध्यावर नेली, कॉलेजचे अध्यक्ष मोहरीच्या रंगाचं ब्लँकेट घेऊन उभे, आणि भोंग्यातून आवाज आला, "ऑरिन स्टबी, वय सत्त्याण्णव, बासष्ट वर्षं एकही मॅच चुकवली नाही." पन्नास हजार माणसं उठली हो. त्या मोठ्या स्कोअरबोर्डवर बाबांचं नाव, घराएवढ्या अक्षरात. आणि सगळ्यात जोरात टाळ्या कोण वाजवत होतं? आमची बाजू. जे सगळेच्या सगळे बाबांच्या मयतीला आले होते आणि माझ्या हातचं हॅम जेवून गेले होते. तीच माणसं शिट्ट्या मारतायत, "जियो ऑरिन!" मी रडत होते. लाज, भीती, काय होतं ते नाही सांगता येत, पण बर्फात नऊ माणसांत बसणाऱ्या माझ्या बाबांसाठी पन्नास हजार उभे होते, आणि ते बघायला बाबा नव्हते. मर्ल हळूच म्हणाला, "बरं झालं ना मी हो म्हणालो?"

आणि तेवढ्यात त्या अध्यक्षानं एल्डनच्या तोंडासमोर माइक धरला.

एल्डननं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनं नाही म्हटलं. पण त्याचेही डोळे भरलेले, बिचारा पार विरघळलेला, आणि सबंध स्टेडियमला ऐकू जाईल असा म्हणाला, "आज ऑरिन असता तर त्याला फार बरं वाटलं असतं."

शांतता. अशी शांतता की मागे कुणीतरी शेंगदाणा फोडला तो ऐकू आला. मग बँडमास्तरला काय वाटलं कोण जाणे, त्यानं बँड सुरू केला.

सोमवारी बोलावणं आलं. वेंडेल क्रूगरचं केबिन, टेबलावर कॉफी आणि पेपर, पान तेच. मी आत शिरल्या शिरल्या सगळं कबूल करून टाकलं, नऊ वर्षं, मोकळा दगड, मर्लचा आवाज, सगळं. म्हटलं, दंड करा, यादीच्या शेवटी टाका, पण एवढं सांगते, बटाट्याच्या पोत्यावर तिकीट मिळायचं तेव्हा तो माणूस पैसे भरून यायचा. वेंडेल उठला, दार लावून घेतलं, हळू आवाजात म्हणाला, "बाई, खालच्या स्टँडमधले सगळे मेलेले मी काढले तर टीव्हीवर स्टेडियम अर्धं रिकामं दिसेल. आणि खरं सांगू? आमची सगळ्यात चांगली गिऱ्हाइकं तीच. पैसे वेळेवर, तक्रार नाही, पार्किंगवरून भांडण नाही." मग खणातून नवा कोरा फॉर्म काढला. वारसा जागा. मृत माणसाच्या नावावर जागा कायदेशीर चालू, मृत्यू कळवायला हरकत नाही, फक्त जागेमागे वर्षाला चारशे डॉलर ज्यादा.

"हेही स्वखुशीने का?" मी विचारलं.

"अर्थात," म्हणाला.

भरले. जागा राहिली, आणि मुख्य म्हणजे बाबा सुटले. सरळ गाडी काढली आणि हार्लनच्या कारखान्यात गेले. म्हटलं, हार्लन, कोर बाबा आता, चार आकडे, आजच्या आज. हार्लननं डोक्याला हात लावला. म्हणाला, "व्हर्लीन, आज सकाळी त्या फॉर्मची बातमी फुटल्यापासून सबंध खालचं स्टँड माझ्या दारात आहे. गावात एवढे दगड अर्धे आहेत हे मलाच माहीत नव्हतं. यादी केलीय. तुझा नंबर त्रेचाळीस."

"आणि भाव?"

त्यानं मान खाली घातली. "दुप्पट केलाय गं. मागणी आहे."

तुम्हीच सांगा, कुणाशी भांडायचं? आगाऊ रक्कम भरली, पावती घेतली, आणि तशीच बाबांकडे गेले. फुलं ठेवली, त्या मोकळ्या जागेवरची पानं झाडली, आणि म्हटलं, बाबा, उन्हाळ्यापर्यंत नंबर लागेल म्हणतायत, तोवर जरा कळ काढा. जागा सोडायची नाही.