पालथी वाटी

सगळ्याजणी सासूला नावं ठेवून राहिल्या, म्हणून माझं सांगते. धाकट्याच्या वेळी पोटुशी असताना मला ठेच्याबिगर घास उतरायचा न्हाई. बाळंत झाले अन् सासूनं मिरचीच बंद केली, लेकराला बाधते म्हणे. पंधरा दिवस नुसतं फिक्कं वरण अन् बाजरीची भाकर. सोळाव्या दिवशी हळूच चुलीपाशी गेले, तर ठेच्याची वाटी धुऊन पालथी घातलेली.

मागून सासू म्हणाली, "काय शोधून राहिलीस?"

"ठेचा, आत्याबाई."

"केलाच न्हाई. तुला फिक्कं वाढून मी तिखट खाऊ का?"

माझ्या नवऱ्याला तिनं सांगितलं होतं, यंदा मिरचीवर रोग पडला. त्याला ते अजून खरं वाटतं. मीबी सांगितलं न्हाई.