एकटा पुरे

मंडळी, ऐका. अभंग झाला, टाळ झाले, आता जरा मांडी बदलून बसा — आणि तो खांबाला टेकलेला गडी जागा आहे का बघा. आहे? बरं! एक साधा प्रश्न विचारतो. माणूस एकटा बरा, का चौघांत बरा? एकट्याला भांडण नाही, वाटणी नाही, कुणाची वाट बघणं नाही. चौघांत काय? एक पुढं पळतो, एक मागं राहतो, एकाला भूक लागते अन् चौथा रुसतो. मग एकटाच बरा की! माना हलल्या बघा लगेच. हलवा, हलवा. शेवटी बघू किती हलतात.

एका गावात मुरलीधर नलावडे म्हणून एक गृहस्थ. वय त्रेचाळीस. पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. माणूस कामाला वाघ, पण नाद कसला? मोबाईलवरच्या लढाईचा! हसू नका, तुमच्या खिशात काय आहे ते मला माहीत आहे. म्हाताऱ्या माणसांना कळावं म्हणून सांगतो — विमानातून शंभर जण एका बेटावर उड्या टाकतात, एकमेकांना गोळ्या घालतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. आजोबा म्हणतील, यात नवीन काय, ही तर आपली ग्रामपंचायतीची निवडणूक! बरोबर आहे आजोबा, फक्त इथं विमान असतं.

आता या खेळात दोन तऱ्हा. एकट्यानं खेळा, नाहीतर चौघांची टोळी करा. फरक ध्यानात ठेवा, सगळं आख्यान याच खुंटीला टांगलंय. टोळीतल्या माणसाला गोळी लागली तर तो लगेच मरत नाही. गुडघ्यावर येतो, रांगतो. टोळीतलं कुणी धावत येऊन शेजारी बसलं, सात-आठ सेकंद हात लावला, की उठून परत चालायला लागतो. आणि एकटा असला तर? पडला की संपला! एकट्याला रांगायचीसुद्धा सोय नाही, मंडळी.

मुरलीधर आधी टोळीनं खेळायचा. टोळीत कोण? त्याची बायको सुलभा, आणि शेजारच्या अंजिराकाकू. काकूंचं वय बासष्ट. चौथी जागा रिकामी, कारण काकूंबरोबर एकदा खेळलेला माणूस दुसऱ्यांदा येत नसे. काकू बंदूक सोडून कपडे गोळा करायच्या. लढाई पेटलेली, अन् काकू विचारायच्या, सुलभे, हा झगा मला बरा दिसतो का गं? पण तिघांचं दुपारचं चाललं होतं मजेत.

एके दिवशी काय झालं — शंभरातले अकराच उरले. आणि नेमक्या तेव्हाच अंजिराकाकू गव्हाच्या शेतात पडल्या. रांगताहेत, ओरडताहेत. मुरलीधर म्हणाला, सोड त्यांना, पुढं चल. सुलभा थांबली. म्हणाली, "काकू, हलू नका, मी आले." अन् गेली माघारी! व्हायचं तेच झालं. दोघी मेल्या. मुरलीधर एकटा लढला आणि दुसरा आला. पहिला नाही — दुसरा! दुसरा आलेल्या माणसाला येतो तेवढा राग शेवटून पहिल्यालासुद्धा येत नाही.

तो रागात बायकोला बोलला. काय बोलला? "तू माझ्या पायातली बेडी आहेस. यापुढं मी एकटा पुरे."

बोलणं खेळावर होतं, पण लागायचं तिथं लागलं. सुलभा उठली, पीठ मळायला बसली, आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी एक अक्षर नाही! जेवण वेळेवर, चहा वेळेवर, फक्त तोंड बंद. पुरुषहो, तुम्हाला ठाऊक आहे, भांडणारी बायको परवडली. न बोलणाऱ्या बायकोच्या घरात भिंतीवरचं घड्याळसुद्धा टोचून बोलतं.

इकडं मुरलीधर एकट्यानं खेळायला लागला आणि जिंकायलाही लागला, खोटं कशाला बोलू? पहिला यायचा. पडद्यावर फटाके फुटायचे. तो मान वर करून बघायचा, दाखवायचं कुणाला? पलीकडच्या खोलीत सुलभा अन् काकू खेळत असायच्या. नंबर यायचा अठ्ठावन्न, नाहीतर त्रेसष्ट, आणि हसायच्या अशा की कौलं हलावीत. जिंकलेला गडी एकटाच चहाचा कप विसळायचा. दिवसामागून दिवस असे गेले. त्याला आता जिंकायचं नव्हतं हो. सुलभानं एक शब्द बोलावा, एवढंच हवं होतं. पण माफी माग म्हटलं की आपल्या लोकांची जीभ टाळ्याला चिकटते.

तेवढ्यात गावात सप्ता बसला. सात दिवस अखंड नामस्मरण. वीणा खाली टेकवायची नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं? एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. दोन-दोन तासांचे पहारे, मंडपात फळा, फळ्यावर नावं. मुरलीधरला वाटलं, असं काही करून दाखवतो की ही आपोआप बोलेल! गेला फळ्याजवळ. एकादशीच्या रकान्यातली दिवसाची सगळी नावं बाहीनं पुसली. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, खडूनं लिहिलं — मुरलीधर नलावडे, एकटा पुरे. ज्यांची नावं पुसली ते रागावले का? छे! ते तर रसवंतीवर गेले.

त्या सप्त्यात माझीही सेवा होती, म्हणून डोळ्यांदेखत घडलेलं सांगतो. सहाला गडी उभा राहिला. झोकात! आठला चहा घेतला, एका हातानं. दहाला परत चहा. बाराला कुणीतरी भक्तीनं ताकाचा तांब्या तोंडाला लावला. आता मला सांगा, चहा, चहा, ताक — हे सगळं जाणार कुठं? देवाचं नाव तोंडात आहे, वीणा गळ्यात आहे, पण शरीराला एकादशी कळत नाही! एक वाजता त्यानं पाय बदलला. दीडला नामाची चाल वाढली. बायका म्हणाल्या, काय तल्लीन झालाय! मी म्हटलं, बायांनो, ही तल्लीनता वेगळी आहे.

वीणा द्यायची कुणाला? मंडपात पुरुषमाणूस होता कोण? चार म्हातारे आणि मी. मी धावलो असतो, पण माझा खांदा तेव्हा उतरलेला. आणि ज्यांनी यायचं त्यांची नावं यानंच पुसलेली! हाक मारावी तर फळ्यावर स्वतःच्या हातचं अक्षर समोर दिसतंय. दोन वाजून गेले. पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढं अंधारी आली. वीणा टेकली तर सप्ता मोडला, आणि गाव म्हणणार, मुरल्यानं मोडला. हे लागलं त्याच्या मनाला. वीणा वर उचलून छातीशी कवटाळून तो हळूहळू एका गुडघ्यावर आला. रांगायच्या बेताला आला, मंडळी. आणि तेव्हा त्याला गव्हाचं शेत आठवलं.

तोच मागून आवाज आला. बावीस दिवसांनी आलेला आवाज.

"हलू नका, मी आले."

सुलभा! स्वयंपाकाच्या मांडवातून आलेली, हात अजून उपवासाच्या पिठाचे. पदरानं पुसले आणि वीणेला घातले. खांबाजवळचे एक आजोबा लगेच कुरकुरले, बाईमाणसानं वीणा घ्यावी का म्हणून. मी म्हटलं, आजोबा, मग तुम्ही घ्या. आजोबा म्हणाले, माझा गुडघा दुखतो. मी म्हटलं, मग जरा वेळ जीभही दुखू द्या!

आता रीत काय आहे? वीणा देणारानं घेणाराच्या पाया पडायचं, घेणारानं देणाराच्या. विठ्ठलाच्या दारात नवरा-बायको कुणी नसतं, देणारा आणि घेणारा एवढंच असतं. मुरलीधर गुडघ्यावरच होता, पाय समोरच होते. त्यानं डोकं ठेवलं. आणि माथा वर येईना! खांदे हलायला लागले. गडी रडत होता, हो, भर मंडपात. म्हणाला, "सुलभा, बेडी मी होतो."

ती वाकून त्याच्या पाया पडली आणि हळू आवाजात काय म्हणाली असेल? भक्ती-ज्ञान-वैराग्य काही नाही. म्हणाली, "आधी जाऊन या."

गेला! असा पळाला की त्या बेटावरही कधी पळाला नसेल. परत आला, तेव्हा सुलभा वीणा घेऊन उभी, शेजारी अंजिराकाकू टाळ घेऊन उभ्या, टाळ तालात नाही पण उभ्या. मुरलीधरनं बाही पुढं केली आणि फळ्यावरचं ‘एकटा पुरे’ पुसलं. मग रसवंतीवर गेला, एकेकाचा हात धरला, आणि ज्याचं नाव पुसलं होतं त्याच्याच हातात खडू दिला.

आजही तिघं खेळतात. परवा विचारलं, कितवा नंबर आला? म्हणाला, बुवा, एक्काहत्तरावा. मी पडलो होतो, काकू उठवायला निघाल्या, वाटेत त्यांना झगा सापडला. आणि हसत होता लेकाचा.

तर मंडळी, माना हलवल्या होत्या ना मघाशी? आता जरा मागं वळून बघा. तुमच्या मंडपातला फळा. उद्या दुपारी बारा ते दोन, पहाऱ्याला एक नाव आहे, दोनच्या पुढची जागा कोरी. नाव कुणाचं ते मी वाचत नाही, तो खाली बघतोय, तेवढं पुरे. पण उद्या दोन वाजून गेले की त्याचे पाय थरथरतील, आणि तो हाक मारणार नाही. आपण कुणीच मारत नाही.

खडू फळ्याखाली डबीत आहे. मी भजनाला सुरुवात करतो, तुम्ही चाल धरा. आणि भजन संपायच्या आत तुमच्यातला कुणीतरी उठून तिथपर्यंत जा रे बाबा — त्याला सांगा, हलू नको, मी आलो.